जनुक खरंच वाढलं, की नुसतं तसं दिसलं? आरएनए आणि प्रोटीनमधला बदल मोजण्याची पायरीवार पद्धत

‘ट्यूमरमध्ये हे जनुक वाढलेलं आहे’ असं कोणी सांगितलं की आधी विचारावं, वाढलं म्हणजे नेमकं काय वाढलं? डीएनएमधल्या प्रती वाढल्या, आरएनए वाढला, प्रोटीन वाढलं, की ते जनुक एरवीही भरपूर वापरणाऱ्या पेशींचीच त्या तुकड्यात गर्दी झाली? या चार वेगळ्या गोष्टी आहेत. त्या मोजायच्या पद्धती वेगळ्या आणि फसायच्या जागाही वेगळ्या.

स्तनाच्या कर्करोगातलं हर-२ घ्या. साधारण १५ ते २० टक्के ट्यूमरमध्ये या जनुकाच्या प्रती वाढतात, त्यामुळे आरएनए वाढतो आणि पेशीच्या पृष्ठभागावर प्रोटीनही वाढतं. इथे तिन्ही पातळ्या एकाच दिशेने जातात. एचआयएफ-१ अल्फाचं तसं नाही. ऑक्सिजन कमी पडला की हे प्रोटीन झपाट्याने साचतं, पण त्याचा आरएनए बहुतेक पेशींत फारसा हलत नाही. ऑक्सिजन असताना हे प्रोटीन सतत बनतं आणि सतत मोडलं जातं. ऑक्सिजन कमी झाला की मोडणं थांबतं. फक्त क्यूपीसीआर, म्हणजे आरएनएची मोजणी, करणारा माणूस इथे ‘काही बदल नाही’ असं लिहून मोकळा होईल.

हा लेख एमएस्सी-पीएचडीच्या पहिल्या वर्षांत ‘या जनुकाचं एक्स्प्रेशन बघ’ एवढ्याच सूचनेवर कामाला लागलेल्यांसाठी आहे.

पायरी १: प्रश्न एका वाक्यात लिहा

वाक्यात चार गोष्टी हव्यात: कोणतं जनुक, कोणत्या पेशी, कोणती पातळी आणि कोणाच्या तुलनेत. ‘फायब्रोसिसमध्ये (ऊतीत तंतू साचून ती घट्ट होते तेव्हा) कोलॅजेन वाढतं का?’ हा अर्धा प्रश्न झाला. ‘यकृतातल्या स्टेलेट पेशींत कोलॅजेन-१ चा आरएनए प्रतिपेशी वाढतो का, की त्या पेशींची संख्या वाढते?’ असं लिहिलं की अख्ख्या यकृताचा तुकडा वाटून उत्तर मिळणार नाही, हे लिहितानाच लक्षात येतं. पेशी वेगळ्या कराव्या लागतील किंवा ऊतीच्या कापावर बघावं लागेल. सूज असलेल्या कुठल्याही ऊतीत रोगप्रतिकारक पेशींची जनुकं ‘वाढलेली’ दिसणारच, कारण त्या पेशीच तिथे आलेल्या असतात.

पायरी २: तुलना कोणाशी?

माझ्या मते निम्म्याहून जास्त प्रयोग इथेच बिघडतात, आणि नंतरची कुठलीही आकडेमोड ते दुरुस्त करू शकत नाही.

रोगाच्या अभ्यासात वय, लिंग, चालू असलेली औषधं आणि सॅम्पल घेतल्याची वेळ दोन्ही गटांत शक्य तितकी सारखी ठेवा. ट्यूमरशेजारची ऊती ‘निरोगी’ म्हणून वापरणं सोयीचं असतं, पण ती ट्यूमरच्या सावलीतली असते. तिथेही सूज असते, तिथलेही आरएनए बदललेले असतात. वापरायला हरकत नाही, फक्त तिला ‘नॉर्मल’ म्हणू नका, ‘शेजारची ऊती’ म्हणा.

विकासाच्या अभ्यासात वेळ हाच मुख्य घटक असतो. उंदराच्या एकाच गर्भाशयातली पिल्लंही काही तासांनी मागेपुढे असू शकतात, म्हणून दिवस ९.५ एवढ्या लेबलवर न थांबता सोमाइट (गर्भाच्या पाठीलगतचे ऊतीचे जोडीजोडीचे ठोकळे) मोजून टप्पा ठरवा. एका मादीची पिल्लं एकमेकांसारखी असतात, त्यामुळे सहा पिल्लं म्हणजे सहा स्वतंत्र नमुने होत नाहीत. वेगवेगळ्या माद्यांकडून पिल्लं घ्या.

माणसातलं उदाहरण हिमोग्लोबिनचं. जन्माच्या वेळी बाळाच्या रक्तातलं साधारण ६० ते ८० टक्के हिमोग्लोबिन गर्भावस्थेतलं, म्हणजे गॅमा साखळ्यांचं असतं. पुढच्या महिन्यांत ते भराभर उतरतं आणि प्रौढांत सहसा एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी उरतं. आता तीन महिन्यांच्या आजारी बाळांची तुलना एक वर्षाच्या निरोगी बाळांशी केली, तर ‘आजारात गॅमा ग्लोबिन वाढतं’ असा निष्कर्ष हमखास निघेल, आणि तो निव्वळ वयाचा परिणाम असेल.

आणखी एक नियम डोळे झाकून पाळा. सगळे रुग्ण एका दिवशी आणि सगळे निरोगी दुसऱ्या दिवशी, असं कधी करू नका. आरएनए काढणं, सीडीएनए (आरएनएवरून बनवलेली डीएनए प्रत) बनवणं, जेल चालवणं, प्रत्येक टप्प्यावर दोन्ही गट मिसळून ठेवा. दिवसाचा फरक आणि रोगाचा फरक एकमेकांत अडकले की कुठलंही सॉफ्टवेअर ते सोडवू शकत नाही.

नमुन्यांची संख्या मोजताना प्लेटमधल्या तीन खाचा म्हणजे तीन नमुने नव्हेत. त्या फक्त पिपेटिंग किती नीट झालं ते सांगतात. नमुना म्हणजे वेगळा माणूस, वेगळा प्राणी किंवा वेगळ्या दिवशी स्वतंत्रपणे केलेलं कल्चर.

पायरी ३: पहिली काही मिनिटं

ऊती शरीराबाहेर आली तरी पेशी लगेच मरत नाही. ती घाबरते आणि त्या घाबरण्याची जनुकं चालू करते. फॉस आणि जून ही त्यातली नेहमीची. एन्झाइम घालून ३७ अंशांवर ऊती विरघळवताना ती हमखास वर येतात. तुमच्या यादीत सर्वात वर फॉस, जून आणि हीट शॉक प्रोटीनची जनुकं दिसली, तर रोगाबद्दल लिहिण्याआधी नमुना किती वेळ टेबलावर पडला होता ते विचारा.

म्हणून तुकडा लगेच द्रव नायट्रोजनमध्ये टाका, किंवा आरएनए टिकवणाऱ्या द्रावणात बुडवा. द्रावण वापरत असाल तर तुकड्याची एक बाजू तरी अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा पातळ हवी. नाहीतर द्रावण आत पोहोचेपर्यंत मधला भाग खराब झालेला असतो. रक्तासाठी आरएनए स्थिर ठेवणाऱ्या खास ट्यूब मिळतात. साध्या ईडीटीए ट्यूबमधलं रक्त वापरायचं असेल तर सगळ्या नमुन्यांना सारखाच वेळ थांबवा. आरएनए आणि प्रोटीन दोन्ही लागणार असतील, तर तुकडा गोठवण्याआधीच दोन भाग करा.

एचआयएफ-१ अल्फासारख्या प्रोटीनला ही सगळी काळजीही अपुरी पडते. ऑक्सिजन मिळताच त्याचं अर्धायुष्य पाच मिनिटांच्या आसपास किंवा त्याहून कमी होतं. डिश इन्क्युबेटरमधून काढली, मीडिया टाकला, निवांत दोनदा धुतलं, पेशी खरवडल्या, की ब्लॉटवरचा (पायरी ७) बँड गेला. लायसिस बफर (पेशी फोडणारं द्रावण) आधी बर्फावर थंड करून तयार ठेवा, एका वेळी एकच डिश काढा आणि थेट तिच्यात बफर ओता. कमी ऑक्सिजनची बंद पेटी असेल तर हे सगळं आतच उरका.

पायरी ४: आरएनए काढा आणि त्याची परीक्षा घ्या

ट्रायझॉल (पेशी फोडणारं, फिनॉल आणि ग्वानिडीन असलेलं द्रावण) वापरत असाल तर क्लोरोफॉर्मनंतर वरचा पाण्यासारखा थर घेताना लोभ नको. शेवटचे थेंब सोडून द्या. मधला पांढुरका थर पिपेटमध्ये आला की डीएनए आणि प्रोटीन सोबत येतात. त्यानंतर डीएनेज (डीएनए तोडणारं एन्झाइम) द्या.

स्पेक्ट्रोफोटोमीटरवर २६०/२८० गुणोत्तर २.० च्या आसपास हवं, २६०/२३० साधारण २.० ते २.२. दुसरा आकडा खूप खाली असेल तर बहुधा ग्वानिडीनचं मीठ राहिलंय. इथेनॉलने एकदा आणखी धुवा. फिनॉल राहिला तर २६० चं रीडिंगच फुगतं आणि आहे त्यापेक्षा जास्त आरएनए दिसतो.

ही गुणोत्तरं शुद्धता सांगतात, आरएनए अखंड आहे की तुकडे झालेत ते सांगत नाहीत. त्यासाठी जेल किंवा बायोअॅनालायझर. २८एस आणि १८एस असे दोन स्पष्ट बँड हवेत, वरचा खालच्याच्या साधारण दुप्पट गडद. आरआयएन, म्हणजे आरएनए किती अखंड आहे त्याचा गुण, १ ते १० मध्ये मोजतात. पेशींच्या कल्चरमधून ९ च्या वर सहज मिळतो, शस्त्रक्रियेतल्या ऊतीत ७ मिळाला तरी काम चालतं. एका गटाचा आरआयएन ९ आणि दुसऱ्याचा ६ असेल मात्र थांबा, कारण तुम्ही रोग नव्हे, सडणं मोजणार आहात. पॅराफिनमधल्या जुन्या ठोकळ्यांतला आरएनए तुकड्यांतच मिळतो. तिथे लहान अॅम्प्लिकॉन (पीसीआरने वाढवायचा तुकडा) घ्या आणि पॅराफिनची तुलना पॅराफिनशीच करा.

पायरी ५: क्यूपीसीआर

प्रायमर निवडताना अॅम्प्लिकॉन ७० ते १५० बेसचा ठेवा आणि प्रायमर दोन एक्झॉनच्या सांध्यावर बसवा, म्हणजे उरलासुरला जिनोमिक डीएनए वाढणार नाही. जनुकाचे अनेक आयसोफॉर्म (एकाच जनुकाची वेगवेगळी आरएनए रूपं) असतील तर तुमची जोडी कोणते पकडते ते आधी पाहा. विकासात एकूण आरएनए तेवढाच राहून नुसता आयसोफॉर्म बदलणं अगदी नेहमीचं आहे.

मग सीडीएनएच्या दहापट विरळ होत जाणाऱ्या मालिकेवर कार्यक्षमता काढा. आलेखाचा उतार उणे ३.३२ असेल तर प्रत्येक फेरीत प्रती बरोबर दुप्पट होतात. ९० ते ११० टक्के चालतं. मेल्ट कर्व्हला एकच शिखर हवं, म्हणजे एकच तुकडा वाढला. प्रत्येक प्लेटवर साचा नसलेली खाच आणि रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज न घातलेली खाच ठेवा. या दोन खाचा वाचवून कोणाचंही भलं झालेलं नाही. काय काय नोंदवायचं याची यादी २००९ च्या एमआयक्यूई मार्गदर्शक तत्त्वांत आहे. ती प्रयोगानंतर नव्हे, आधी वाचा.

आता खरा गुंता, संदर्भ जनुकाचा, म्हणजे ज्याच्या तुलनेत बाकीची मोजतात आणि जे स्वतः बदलू नये त्या जनुकाचा. सवयीने सगळे जीएपीडीएच घेतात. पण जीएपीडीएच हे ग्लुकोज वापरण्याच्या साखळीतलं जनुक आहे आणि ऑक्सिजन कमी पडला की अनेक पेशींत तेही वाढतं. समजण्यासाठी आकडे घेऊ. सीटी म्हणजे सिग्नल दिसायला लागला ती फेरी, एक फेरी कमी म्हणजे आरएनए दुप्पट. डेल्टा सीटी म्हणजे आपल्या जनुकाचा सीटी उणे संदर्भ जनुकाचा सीटी. सामान्य ऑक्सिजनमध्ये व्हीईजीएफ-ए (रक्तवाहिन्या वाढवणारं जनुक) चा सीटी २५ आणि जीएपीडीएचचा १७. कमी ऑक्सिजनमध्ये व्हीईजीएफ-ए २३ आणि जीएपीडीएच १६. डेल्टा सीटी आधी ८, नंतर ७. फरक उणे १, म्हणजे वाढ दोन पट. त्याच प्लेटवर दुसरं संदर्भ जनुक दोन्हीकडे २६ वर स्थिर असेल, तर डेल्टा सीटी आधी उणे १ आणि नंतर उणे ३, फरक उणे २, म्हणजे वाढ चार पट. व्हीईजीएफ-ए च्या खाचा त्याच, सीटी तेच, पण निष्कर्ष दुप्पट. आणि जीएपीडीएच चौपट वाढलं असतं, म्हणजे त्याचा सीटी १५ आला असता, तर ‘व्हीईजीएफ-ए मध्ये काहीच बदल नाही’ असं उत्तर निघालं असतं.

त्यामुळे पाच-सहा उमेदवार जनुकं तुमच्याच नमुन्यांवर तपासा, जीनॉर्मसारख्या पद्धतीने सर्वात स्थिर दोन किंवा तीन निवडा आणि त्यांची भूमितीय सरासरी वापरा. दुसऱ्याच्या शोधनिबंधातलं संदर्भ जनुक दुसऱ्याच्या ऊतीसाठी स्थिर असतं.

सांख्यिकी चाचणी डेल्टा सीटीवर करा, पटींवर नव्हे. पटींचं वितरण एका बाजूला कललेलं असतं. वाचकासाठी शेवटी पटींत मांडलंत तरी चालेल.

पायरी ६: सगळीच जनुकं एकदम बघायची असतील तर

आरएनए सिक्वेन्सिंगला नमुन्यामागे दोन-तीन कोटी रीड (वाचलेले छोटे तुकडे) सहसा पुरतात. पैसे उरले तर खोली वाढवण्यापेक्षा नमुने वाढवा. डेसेक-२ किंवा एजआर या तुलना करणाऱ्या प्रोग्रामना मूळ काउंट (जनुकागणिक रीडची संख्या) द्या, टीपीएम (आधीच प्रमाणात बसवलेले आकडे) नव्हे.

यादी उघडण्याआधी पीसीए (कोणते नमुने एकमेकांसारखे आहेत ते दाखवणारा आलेख) बघा. नमुने रोगानुसार वेगळे होण्याऐवजी तारखेनुसार वेगळे होत असतील तर उत्तर तिथेच मिळालं. माणसाच्या नमुन्यांत एक स्वस्त तपासणीही करून घ्या: स्त्रियांत एक्सआयएसटी (एक एक्स गुणसूत्र बंद ठेवणाऱ्या जनुकाचा आरएनए) जास्त दिसायला हवा आणि पुरुषांत वाय गुणसूत्रावरची जनुकं. नोंदीत ‘पुरुष’ आणि आकड्यांत एक्सआयएसटी भरपूर, असं दिसलं तर आधी ट्यूबची अदलाबदल शोधा.

माणसात प्रोटीन बनवणारी जनुकं साधारण २०,००० आहेत. पी व्हॅल्यू ०.०५ धरली तर काहीही फरक नसताना त्यातली हजारेक जनुकं ‘लक्षणीय’ निघतील. म्हणून बेन्जामिनी-हॉकबर्ग पद्धतीने सुधारलेली व्हॅल्यूच वापरा. एकेरी पेशींच्या सिक्वेन्सिंगमध्ये एका रुग्णाच्या पाच हजार पेशी म्हणजे पाच हजार नमुने नव्हेत, तो एकच नमुना. रुग्णागणिक पेशींचे काउंट एकत्र करून मग तुलना करा.

पायरी ७: वेस्टर्न ब्लॉट, आणि गडद बँडचा मोह

वेस्टर्न ब्लॉटमध्ये प्रोटीन्स जेलवर आकाराने वेगळी करून मेम्ब्रेनवर उतरवतात आणि हवं ते अँटिबॉडीने शोधतात. लायसिस बफरमध्ये प्रोटीएज (प्रोटीन तोडणारी एन्झाइम्स) रोखणारं मिश्रण घाला. फॉस्फोरिलेशन बघायचं असेल तर फॉस्फटेज रोखणारंही. बीसीएने प्रोटीन मोजा आणि सगळ्या लेनमध्ये सारखं भरा. जेलची टक्केवारी प्रोटीनच्या आकारावर ठरवा: ३० ते १०० किलोडाल्टनला १० टक्के ठीक, लहान प्रोटीनला १२ ते १५. पीव्हीडीएफ मेम्ब्रेन आधी मेथेनॉलमध्ये भिजवायला विसरू नका. ट्रान्सफरनंतर पोन्सो (सगळी प्रोटीन्स दाखवणारा लाल रंग) लावा, फोटो काढा आणि मगच पुढे जा. फॉस्फो अँटिबॉडीसाठी ब्लॉकिंगला दुधाऐवजी बीएसए वापरणं बरं, कारण दुधातलं केसिन स्वतःच फॉस्फोप्रोटीन आहे.

अँटिबॉडीवर विश्वास ठेवायचा की नाही, हे कंपनीच्या पत्रकावरून ठरवू नका. ज्या पेशींत ते जनुक काढून टाकलंय किंवा दाबलंय त्यांची एक लेन चालवा. तिथेही बँड जसाच्या तसा असेल तर ती अँटिबॉडी तुमच्या कामाची नाही. उलट, बँड हिशेबातल्या वजनापेक्षा वर आला म्हणून लगेच घाबरायचंही कारण नाही. एचआयएफ-१ अल्फा हिशेबाने ९३ किलोडाल्टनचं, पण जेलवर ते ११० ते १२० च्या आसपास दिसतं.

सर्वात जास्त फसवणूक होते ती सिग्नल भरून गेल्यावर. एकाच लायसेटचे (फोडलेल्या पेशींच्या द्रावणाचे) ५, १०, २० आणि ४० मायक्रोग्रॅम शेजारी शेजारी चालवा आणि बँड मोजा. तुमचं प्रोटीन कदाचित चारही ठिकाणी दुप्पट होत जाईल, पण लेनमध्ये सारखा माल आहे हे दाखवायला सहसा वापरतात ते अॅक्टिन २० च्या पुढे जवळपास हलणारच नाही, कारण ते पेशीत इतकं भरपूर आहे की सिग्नलने वरची मर्यादा आधीच गाठलेली असते. मग ‘सगळ्या लेनमध्ये अॅक्टिन सारखं आहे’ याला अर्थ राहत नाही, लेनमध्ये दुप्पट माल भरला असता तरी ते सारखंच दिसलं असतं. मी आता बँडचा आकडा अॅक्टिनऐवजी लेनमधल्या एकूण प्रोटीनच्या रंगाने भागते. रेषेतल्या मर्यादेत राहण्यासाठी कमी वेळाचं एक्स्पोजरही जरूर घ्या. डोळ्यांना फिकट वाटणारा बँड मोजायला बहुतेक वेळा जास्त चांगला असतो.

मास स्पेक्ट्रोमेट्रीला गेलात तर एवढं लक्षात ठेवा, ‘दिसलं नाही’ म्हणजे शून्य नव्हे. कमी प्रमाणातली प्रोटीन्स एका नमुन्यात सापडतात, दुसऱ्यात निसटतात. रिकाम्या जागी शून्य भरून पटी काढल्या की आकडे आकाशाला भिडतात.

पायरी ८: कोणत्या पेशीत?

वाटलेल्या ऊतीतून हे कळत नाही. इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (ऊतीच्या कापावर अँटिबॉडीने प्रोटीन रंगवणं) करा, किंवा आरएनएसाठी इन सिटू हायब्रिडायझेशन. फॉर्मॅलिनमध्ये तुकडा किती वेळ होता याने रंग बदलतो. हर-२ साठी ६ ते ७२ तासांची मर्यादा घालून दिलेली आहे ती याचसाठी. तिथे ०, १+, २+, ३+ असे गुण देतात आणि २+ आलं की निर्णय न देता जनुकाच्या प्रती मोजायला पाठवतात. संशयाच्या पट्ट्यात दुसऱ्या पातळीवरची चाचणी करायची ही शिस्त संशोधनातही उचलण्यासारखी आहे. स्लाइड वाचणाऱ्याला कोणती रुग्णाची आणि कोणती कंट्रोलची ते सांगू नका.

पायरी ९: आरएनए एक सांगतो आणि प्रोटीन दुसरंच

असं होणारच. उंदराच्या फायब्रोब्लास्ट पेशींवरच्या २०११ च्या एका मोठ्या मोजणीत आरएनएचं मध्यम अर्धायुष्य सुमारे ९ तास आणि प्रोटीनचं सुमारे ४६ तास निघालं, आणि प्रोटीनच्या पातळीतल्या फरकांपैकी ४० टक्क्यांच्या आसपासच आरएनएच्या पातळीवरून समजले. तेव्हा विसंगती दिसली की ती चूक आहे असं धरू नका, कारण शोधा.

पहिली शक्यता वेळेची. आरएनए आता वाढला, प्रोटीन उद्या वाढेल. एकाच वेळी मोजण्याऐवजी तीन-चार वेळा घ्या. हिमोग्लोबिनमध्ये ही दिरंगाई टोकाची दिसते: परिपक्व लाल पेशीत केंद्रक नसतं, ती नवीन प्रोटीन बनवत नाही आणि प्रौढांत साधारण १२० दिवस फिरते. म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन हा मागच्या काही महिन्यांचा हिशेब असतो आणि नुकत्याच तयार झालेल्या रेटिक्युलोसाइटमधला आरएनए आजचा.

दुसरी शक्यता, आरएनए तेवढाच पण त्याचं भाषांतर बदललं. फेरिटिनमध्ये लोह वाढलं की आरएनएच्या सुरुवातीला बसलेलं रोखणारं प्रोटीन सुटतं आणि त्याच आरएनएपासून जास्त फेरिटिन बनतं. तिसरी शक्यता मोडण्याची. डीएनएला इजा झाली की पी५३ साचतं, कारण एमडीएम-२ त्याला मोडायला पाठवेनासं होतं. हे तपासायला सायक्लोहेक्झिमाइडने नवीन प्रोटीन बनणं थांबवा आणि वेगवेगळ्या मिनिटांना ब्लॉट करून प्रोटीन किती वेगाने घटतं ते पाहा. एमजी-१३२ ने प्रोटिअसोम रोखल्यावर कंट्रोल पेशींतही ते तितकंच साचलं, तर फरक मोडण्याच्या वेगातच आहे असं म्हणायला जागा आहे. चौथी शक्यता अगदी साधी आणि म्हणूनच निसटणारी: प्रोटीन पेशीबाहेर गेलंय. व्हीईजीएफ लायसेटमध्ये शोधत बसण्याआधी मीडियावर एलायझा (अँटिबॉडीने प्रोटीन मोजणारी चाचणी) करा.

पायरी १०: बदल कारण आहे की परिणाम?

इथवर तुम्ही फक्त सोबत घडणाऱ्या गोष्टी दाखवल्यात. पुढे जायचं तर जनुक दाबून किंवा वाढवून बघावं लागतं, आणि दाबल्यावर झालेला परिणाम ते जनुक परत घालून उलटवता येतो का, हेही. दाबण्यासाठी किमान दोन वेगळे एसआयआरएनए (जनुकाचा आरएनए मोडायला लावणारे छोटे आरएनए) किंवा दोन वेगळे गाइड (क्रिस्परला जनुकापर्यंत नेणारे आरएनए) वापरा, नाहीतर दुसऱ्याच जनुकावर झालेला परिणाम तुमच्या जनुकाच्या नावावर जमा होतो.

बीसीएल११ए चा प्रवास यासाठी वाचण्यासारखा आहे. लोकसंख्येच्या अभ्यासांत या जनुकातल्या फरकांचा गर्भावस्थेतल्या हिमोग्लोबिनशी संबंध दिसला. तेवढ्यावरून ते कारण आहे असं म्हणता येत नव्हतं. २००८ मध्ये माणसाच्या लाल पेशींच्या पूर्वज पेशींत ते दाबल्यावर गॅमा ग्लोबिन वाढलं, म्हणजे ते गॅमा ग्लोबिनला दाबून ठेवणारं निघालं. पुढे कळलं की त्याचा एक एन्हान्सर (जनुकाचं काम वाढवणारा डीएनएचा भाग) लाल पेशींच्या वंशातच कामाचा आहे. तेवढाच क्रिस्परने तोडला तर इतर पेशींतलं बीसीएल११ए शाबूत राहतं. त्यावर उभी राहिलेली सिकलसेल आणि बीटा थॅलेसेमियावरची उपचारपद्धती ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर झाली, आणि अमेरिकेत त्याच डिसेंबरमध्ये सिकलसेलसाठी.